क्योतो स्टेशनच्या इमारतीत पाच-सहा तास : सामान, शाकाहारी जेवण आणि खरेदी कशी जमवावी?

ठाणेकर_सून

नोव्हेंबर 2026 च्या तिसऱ्या आठवड्यात जपानला जातोय. आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय 68, गुडघे दुखतात, अंडंही चालत नाही). ओसाकाचं हॉटेल सकाळी सोडून दुपारी 1 च्या सुमारास क्योतोला उतरणार. तिथून संध्याकाळी 6:30 ची तोक्योची नोझोमी (शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन). देवळं आदल्या दिवशी बघून होतील, त्यामुळे ही दुपार फक्त स्टेशनच्या इमारतीतली दुकानं आणि खाणं यासाठी ठेवली आहे. दोन मोठ्या बॅगा, दोन लहान.

विचारायचं ते असं: सामान कुठे ठेवावं? सासूबाईंना तिथे पोटभर काय मिळेल? टॅक्स-फ्रीचे (पर्यटकांच्या करमाफीचे) नियम बदलणार म्हणतात, ते काय? आणि इमारतीत वाट चुकते असं सगळे लिहितात, ती नेमकी कुठे चुकते?

नकाशेवाला

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की बाकीचे निम्मे सुटतात.

‘क्योतो स्टेशनचा मॉल’ अशी एकच वस्तू नाही. एकमेकांना चिकटलेली, वेगवेगळ्या मालकांची, वेगवेगळ्या वेळांची चार-पाच संकुलं आहेत. गूगल मॅप्स सगळ्यांवर एकच टिंब दाखवतं, मजला सांगत नाही, आणि तिथेच माणूस फसतो.

स्टेशनला दोन तोंडं. उत्तरेचं कारासुमा, दक्षिणेचं हाचिजो. शिंकानसेन दक्षिणेला. मोठी काचेची इमारत उत्तरेला. हिरोशी हारा या वास्तुकाराची, 1997 साली उघडलेली. कारासुमाच्या मध्यवर्ती गेटातून बाहेर पडून उत्तरेकडे तोंड केलंत की डावीकडे, म्हणजे पश्चिमेला, जेआर क्योतो इसेतान हे डिपार्टमेंट स्टोअर. उजवीकडे हॉटेल आणि नाट्यगृह. पायाखाली, बसस्टँडच्या खालच्या बाजूला, पोर्ता हा भुयारी बाजार. रस्त्यापलीकडे 131 मीटरचा क्योतो टॉवर, त्याच्या तळघरात खाऊगल्ली. हाचिजोच्या बाजूला जेआरच्या (म्हणजे रेल्वेच्या) फाटकांजवळ आस्ती नावाची दुकानांची रांग, आणि पाचेक मिनिटं नैर्ऋत्येला चाललं की एऑन मॉल.

ही दोन तोंडं जोडणारी वाट दुसऱ्या मजल्यावरून जाते. पश्चिम गेटासमोरचा रुंद पूल, त्याला पाट्यांवर दक्षिण-उत्तर मुक्तमार्ग म्हटलेलं असतं. तिकीट न दाखवता जाता येतं. लोक तळमजल्यावरून किंवा पोर्तातून पलीकडे जायला बघतात आणि मग गरगर फिरतात. पोर्ता दक्षिणेला पोचत नाही. घोटाळा झाला की खाली उतरू नका, दुसरा मजला गाठा. तिथेच इसेतानच्या दाराजवळ पर्यटन माहिती केंद्र आहे, इंग्रजी बोलणारी माणसं असतात.

इसेतान ते शिंकानसेनचं फाटक, सासूबाईंच्या चालीने आणि बॅगा घेऊन, 15 मिनिटं धरा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पानगळीचे रंग भरात येत असतात, शहर ओसंडत असतं. 20 धरलीत तरी वावगं नाही.

डबेवाली_इन_कोबे

सामानाबद्दल. बहुतेक लोक ‘लॉकर आहेत की’ म्हणून मोकळे होतात. नोव्हेंबरच्या शनिवार-रविवारी मोठे लॉकर सकाळी 10 पर्यंत संपलेले असतात. 1 वाजता मोठ्या बॅगेचा लॉकर मिळेल हे गृहीत धरू नका.

सर्वांत चांगला उपाय क्योतोला पोचायच्या आधीचा आहे. ओसाकाच्या हॉटेलच्या काउंटरवर सांगा की दोन मोठ्या बॅगा ताक्क्युबिनने (सामान पोचवणारी कुरियर सेवा) तोक्योच्या हॉटेलला पाठवायच्या आहेत. ते पावतीचा फॉर्म देतात. त्यावर तोक्योच्या हॉटेलचा पत्ता, फोन, चेक-इनची तारीख, आणि ज्या नावाने बुकिंग आहे तेच नाव, तेच स्पेलिंग. दर लांबी + रुंदी + उंची या बेरजेवर आणि अंतरावर ठरतो. साधारणपणे बॅग दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे, औषधं, पासपोर्ट, चार्जर लहान बॅगेत. हॉटेलची बॅगा घ्यायची शेवटची वेळ बहुधा सकाळचीच असते, ती आदल्या रात्री विचारून ठेवा. सासूबाईंच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या तर मात्र पंचाईत होईल.

याचा दुसरा फायदा गाडीत. तोकाइदो शिंकानसेनमध्ये तिन्ही बाजूंची बेरीज 160 सेंमीच्या वर (250 पर्यंत) असेल तर मागे जागा असलेली ठराविक सीट आधीच आरक्षित करावी लागते. न करता चढलात तर 1000 येन भरावे लागतात. 28 इंची बॅग बहुतेक वेळा 160 च्या आसपास येते. चाकं आणि हँडल धरून मोजा.

तरीही बॅगा बरोबर आणल्यात तर स्टेशनच्या तळघरात कारासुमाच्या बाजूला क्रोस्ता नावाचा काउंटर आहे, माणसं बॅग ठेवून घेतात. बंद व्हायची वेळ पावतीवर बघा. लॉकर मिळालाच तर एवढं लक्षात ठेवा:

फाटकाच्या बाहेरचाच घ्या. आतल्या लॉकरमध्ये ठेवून बाहेर पडलात की परत आत जायला तिकीट लागतं.

आयसी कार्डाने (प्रवासाचं रिचार्ज कार्ड, जसं इकोका) पैसे भरलेत तर तेच कार्ड किल्ली असतं. घरात चार इकोका कार्डं असतील तर कुठल्या कार्डाने बंद केला ते ताबडतोब फोनमध्ये लिहा. लॉकरचा क्रमांक आणि शेजारची पाटी यांचा फोटोही काढा. हाचिजोच्या आणि कारासुमाच्या लॉकरांच्या रांगा दिसायला अगदी सारख्या.

नाण्यांचे लॉकर फक्त 100 येनची नाणी घेतात. दर आकारानुसार, बहुतेक तारीख बदलली की दुसऱ्या दिवसाचा.

खाद्यतेल

जेवणाच्या बाबतीत आधी वाईट बातमी. स्टेशनच्या इमारतीत दहाव्या मजल्यावर रामेन कोजी म्हणून गल्ली आहे, जपानच्या वेगवेगळ्या भागांतली रामेनची (रश्शातल्या नूडल्सची) दुकानं एका रांगेत. तुम्हाला दोघांना मजा येईल. सासूबाईंसाठी ती जवळजवळ निरुपयोगी. रस्सा डुकराच्या हाडांचा, कोंबडीचा किंवा माशाचा. मिसो रामेन म्हणजे सोयाबीनचं म्हणून शाकाहारी, असं नसतं. नूडल्समध्येही पुष्कळदा अंडं.

खरी अडचण मात्र मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे सगळ्या जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी असलेलं पाणी: कोम्बु ही समुद्री भाजी आणि बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे कात्सुओ मासा (आपला कुपा याच कुळातला) शिजवून, धुरी देऊन, वाळवून केलेल्या पापुद्र्यांचा अर्क. मासा दिसत नाही, तुकडा सापडत नाही, आणि वेटर प्रामाणिकपणे ‘मांस नाही’ म्हणतो. म्हणून हे पदार्थ शाकाहारी दिसतात पण नसतात:

सोबा-उदोन या नूडल्सचा रस्सा, आणि थंड झारु सोबाबरोबरची वाटीतली चटणीसुद्धा. इनारी, म्हणजे गोड तोफूच्या पिशवीतला भात (तोफू दाशीत मुरवलेला). भाज्यांचा तेंपुरा, म्हणजे भजी (पिठात अंडं, तेल कोळंबी तळलेलं, बुडवायला दाशी). ओबान्झाई म्हणून मिळणाऱ्या क्योतोच्या घरगुती भाज्या. युदोफूच्या (गरम पाण्यातल्या तोफूच्या) भांड्यातलं पाणी कोम्बुचं असेल, पण सोबतच्या सोया सॉसमध्ये बहुधा मासा. जपानी करीच्या तयार मसाल्यात गाईची किंवा डुकराची चरबी सर्रास.

आता एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही. अ‍ॅलर्जीचा तक्ता मागून ‘फिश’ शोधू नका. जपानच्या यादीत मासा असा एक गट नाही. सामन, माकरेल अशी सुटी नावं आहेत, आणि कात्सुओ त्यात नाहीच. तक्ता कोरा दिसला तरी दाशी असू शकते. तक्त्याचा उपयोग अंडं, गाय, डुक्कर, कोंबडी आणि जिलेटिन शोधायला होतो. तेही पाकीटबंद वस्तूंवर भरवशाचं. उपाहारगृहांना तसा तक्ता देण्याची सक्ती नाही.

विचारताना ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द वापरून थांबू नका. हे वाक्य फोनवर जपानी लिपीत करून ठेवा आणि दाखवा, बोलायचं तर असं: निकु, साकाना, तामागो, कात्सुओ नो दाशि मो ताबेरारेमासेन. म्हणजे मांस, मासा, अंडं, कात्सुओची दाशीही चालत नाही.

मग खायचं काय? इसेतानचे तळमजल्याखालचे दोन मजले. पहिल्या तळघरात मिठाई, दुसऱ्यात तयार पदार्थ, बेंतो (जेवणाचे डबे), पाव, फळं. तिथून जुळवाजुळव करा: नुसत्या मिठाची ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा (शिओ मुसुबी), भाजलेलं रताळं, उकडलेल्या एदामामेच्या (कोवळ्या सोयाबीनच्या) शेंगा, कापलेली फळं, साधा फ्रेंच पाव आणि चीज, दाईफुकु किंवा दांगो (तांदळाच्या पिठाचे गोड गोळे). उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) ओनिगिरीत कधी कधी कात्सुओ मिसळलेला असतो, पाकिटावर कॅमेरा धरून भाषांतर बघा. पावात लार्ड (डुकराची चरबी) असू शकतं. करीपाव तर मांसाचाच धरून चाला.

बसून गरम जेवायचं असेल तर कोको इचिबान्या या करीच्या साखळीच्या ज्या शाखांत ‘व्हेजिटेबल करी’चं वेगळं मेन्यूकार्ड असतं, तिथे रस्सा प्राणिज घटकांशिवाय केलेला असतो. भांडी-कढया मात्र त्याच. हे सासूबाईंना चालतं का ते त्यांनाच विचारा, आपण परस्पर ठरवू नये.

नकाशेवाला

खाद्यतेल यांच्याशी सहमत, एकच भर. तळघरांत बसायला जागा नाही. घेतलेलं घेऊन वर जा. मधल्या मोठ्या दालनातून (कोन्कोर्स) पश्चिमेला सरकते जिने चढतात, ते चौथ्या मजल्यावरच्या मुरोमाची चौकात पोचतात. तिथून दाइकाइदान, म्हणजे 171 पायऱ्यांचा मोठा जिना, थेट गच्चीपर्यंत. गुडघ्यांची काळजी नको, शेजारून सरकते जिने आहेत. गच्चीवर बाकं, झाडं, मोकळी हवा. नोव्हेंबरात गार वाऱ्यासाठी शाल हवी. कचरापेट्या कमी, कचऱ्याला एक पिशवी जवळ असू द्या.

त्या आठवड्यात सूर्य 5 च्या आधीच मावळतो. अंधार पडला की जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांची हलती चित्रं उठून दिसतात. मुलाला ते आवडेल आणि तुमच्या गाडीआधी बघूनही होईल. चौकात खाली उभं राहून बघा, पायऱ्यांवर बसून काही दिसत नाही.

दहाव्या मजल्यापासून स्कायवे निघतो: काचेच्या छताखालून, जमिनीपासून 45 मीटरवरून पूर्वेकडे जाणारी बंदिस्त वाट. फुकट. क्योतो टॉवर समोर दिसतो. अरुंद आहे, पण सपाट, सासूबाईंना जमेल. वर जाणारे बहुतेक लोक रामेन खाऊन तसेच उतरतात आणि ही वाट त्यांना कळतही नाही. मला विचाराल तर अख्ख्या इमारतीत हाराचं काम सर्वांत चांगलं कळतं ते इथूनच.

ठाणेकर_सून

वा, भरपूर माहिती! रामेन आम्ही दोघं आळीपाळीने खाऊ. तिकिटाचं मशीन असतं ना तिथे? आणि टॅक्स-फ्री राहिलंच.

खाद्यतेल

हो, दुकानाच्या दाराशीच. बहुतेक ठिकाणी आधी तिकीट, मग रांग. काही ठिकाणी उलट. दारावरची पाटी बघा, किंवा पुढचा माणूस काय करतो ते. आधी पैसे टाकायचे, मग बटणं उजळतात. वरचं डावीकडचं मोठं बटण त्या दुकानाचा मुख्य पदार्थ. मग अंडं, जास्तीच्या नूडल्स वगैरे. शेवटी सुटे पैसे परत घ्यायची कळ दाबायची. बरेच जण ती दाबत नाहीत आणि पैसे मशीनमध्येच ठेवून जातात.

जुनी मशीनं फक्त 1000 ची नोट आणि नाणी घेतात. जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या, त्या न घेणारं एखादं मशीन अजून सापडतं. जवळ दोन-तीन हजार सुटे ठेवा. 10,000 ची नोट इकोका रिचार्जच्या मशीनमध्ये मोडते: हजार भरा, नऊ परत.

11:30 ते 1:30 रांगा सर्वांत लांब. तुम्ही 1 ला उतरताय, तर आधी सासूबाईंचं आणि मुलाचं खाणं, मग अडीचनंतर रामेन. तेव्हा पटकन जागा मिळते. आणि चौघांनी एक वाडगा घेऊन बसू नका. काउंटरच्या दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाने एक पदार्थ घ्यावा अशी अपेक्षा असते. टिप नाही, पाणी फुकट.

पावती_जपून

टॅक्स-फ्री. तुमच्या तारखा बदलाच्या नंतरच्या आहेत, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून जाऊ नका.

1 नोव्हेंबर 2026 पासून पद्धत परताव्याची. दुकानात कर धरून पूर्ण किंमत द्यायची आणि मूळ पासपोर्ट दाखवायचा (फोटो चालत नाही). दुकान खरेदीची नोंद ऑनलाइन करतं. देश सोडताना विमानतळावर कस्टम्सची पडताळणी झाली की कर परत मिळतो. पडताळणी खरेदीपासून 90 दिवसांत व्हायला हवी. परतावा कार्डावर की आणखी कसा, ते दुकानागणिक वेगळं. पैसे देतानाच विचारा.

किमान रक्कम तीच: एका दुकानात एका दिवशी कर सोडून 5,000 येन. इसेतान हे एक दुकान धरलं जातं, पण पोर्तातली दुकानं सुटी सुटी. तिथे बेरीज होईलच असं नाही. म्हणून मिठाई, चहा, रुमाल, जे काही घ्यायचं ते एकाच छताखाली घ्या.

खाण्याच्या आणि इतर वस्तू असा भेद गेला, आणि ती न उघडायची सीलबंद पिशवीही गेली. तरी वस्तू देशाबाहेर न्यायची आहे, हे कायम. गाडीत यात्सुहाशीचा (क्योतोच्या मिठाईचा) डबा फोडून खाल्लात तर त्याचा परतावा मागू नका.

लोक चुकतात ते विमानतळावर: बॅग आधी चेक-इन करतात आणि मग कस्टम्सकडे जातात. अधिकाऱ्याने वस्तू दाखवा म्हटलं तर दाखवणार काय? आधी पडताळणी, मग बॅग.

खाद्यपदार्थांवर कर 8 टक्के, बाकीवर 10. म्हणजे 6,000 च्या मिठाईवर 480 येन सुटतात. त्यासाठी तासभर रांगेत उभं राहायचं का, हा हिशेब आपापला. सुरी, भांडी, कपडे असं मोठं काही घेणार असाल तरच मी त्या वाटेला जाईन.

कार्ड मशीनने रुपये की येन विचारलं तर येन. रुपये निवडलेत तर रुपयाचा भाव मशीनवाल्यांचा लागतो.

डबेवाली_इन_कोबे

काय घ्यावं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण शाकाहारी घरासाठी थोडक्यात. नामा यात्सुहाशी: तांदळाच्या पिठाची मऊ पापडी, दालचिनी, आत अझुकीचं (लाल कडधान्याचं) पुरण. अंडं-दूध सहसा नाही, सासूबाईंना चालेल. पण टिकतात दहाएक दिवस, डबा उघडला की त्याहून कमी. भारतात न्यायच्या असतील तर तोक्योच्या शेवटी घेता येणार नाहीत, त्या क्योतोच्याच. म्हणून परतीची तारीख आणि डब्यावरची तारीख ताडून बघा. भाजलेल्या कडक यात्सुहाशी मात्र महिनोन्‌महिने राहतात.

माच्चाची (हिरव्या चहाच्या पुडीची) पातळ बिस्किटं (मालब्रांशची चा नो का सगळे घेतात) छान, पण त्यात अंडं. पुडिंग, मूस यांत जिलेटिन बघा. कांतेन असेल तर हरकत नाही, ते समुद्री शेवाळाचं.

सेनमाईझुके, म्हणजे सलगमच्या पातळ चकत्यांचं लोणचं, नोव्हेंबरात हंगामाचं असतं. ते पाण्यासकट पाकिटात येतं, म्हणून विमानात हातातल्या बॅगेत नाही. घटकांत कात्सुओ आहे का तेही बघा.

नाकामुरा तोकिची या चहावाल्यांचं दुकान पश्चिम गेटासमोर तिसऱ्या मजल्यावर आहे. दुपारी रांग भयंकर. रांगेचं चिठ्ठी-मशीन असेल तर उतरल्या उतरल्या नंबर लावून जेवायला जा.

ठाणेकर_सून

गाडीत रात्रीचं जेवण मिळतं का? सासूबाई 7 च्या पुढे जेवत नाहीत.

नकाशेवाला

नाही. तोकाइदो शिंकानसेनवरची फिरती विक्री ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस बंद झाली. जे खायचं ते घेऊन चढा. साडेपाचला इसेतानच्या दुसऱ्या तळघरात या, दहा मिनिटांत घ्या. स्वस्त होण्याची चिकटपट्टी लागेपर्यंत थांबू नका. दुकान 8 ला बंद होतं, खरी सूट शेवटच्या तासात येते, तेव्हा तुम्ही गाडीत असाल. मग लिफ्टने दुसरा मजला, मुक्तमार्ग, हाचिजो. 6:15 ला फलाटावर. नोझोमी क्योतोला मिनिट-दोन मिनिटंच थांबते, म्हणून तिकिटावरच्या डब्याचा क्रमांक फलाटावर रंगवलेला शोधून आधीच तिथे उभे राहा.

खाद्यतेल

आणि गरम काही हवं असेल तर फलाटावरच्या पेयांच्या मशीनमध्ये लाल पट्टीची बाटली म्हणजे गरम, निळी म्हणजे थंड. हिरवा चहा किंवा होजिचा (भाजलेल्या पानांचा चहा) घ्या. कॉर्न सूपचा डबा नको, त्यात बहुधा कोंबडीचा अर्क असतो.